बॅटरी उतरली की मालकच बाहेर: गाडी उघडण्याच्या व्यवस्थेबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि तांत्रिक विभाग

विषय: १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण उतरल्यावर गाडी उघडण्याची अपुरी माहिती, मदतवाहिनीची चुकीची सूचना आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय/महोदया,

बॅटरी उतरली म्हणून हे पत्र लिहिलेले नाही. बॅटरी ही उतरणारीच वस्तू आहे. तक्रार अशी आहे की ती उतरल्यावर आत शिरायचा एकच मार्ग आपण ठेवला आहे आणि त्या मार्गाची माहिती गाडीच्या आत कुलूपबंद आहे. छापील पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये आणि सविस्तर पुस्तिका डॅशबोर्डच्या स्क्रीनवर, जी वीज नसताना काळी असते.

मदतवाहिनीवरून पहिला सल्ला मिळाला तो रिमोटचा सेल बदलण्याचा. कोणता सेल गेला आहे हे ओळखायला अर्धा मिनिट पुरतो, पण तसे विचारायचे कोणाला सुचले नाही. रिमोटचे बटण दाबल्यावर त्यावरचा बारीक दिवा लागत असेल, दुसऱ्या चावीनेही दार उघडत नसेल आणि हँडलला हात लावल्यावर त्यातला दिवा पेटत नसेल, तर दोष रिमोटमधल्या ३ व्होल्टच्या सेलचा नसून गाडीच्या बॅटरीचा असतो. एवढे तीन प्रश्न मदतवाहिनीच्या माणसासमोर लिहून ठेवले असते तर पुढचे नुकसान टळले असते.

कारण पुढे आपण पाठवलेल्या मदतनीसाने दाराच्या वरच्या फटीत हवेची पिशवी फुगवून आतून सळई घातली. साध्या दाराला हे एक वेळ चालून जाते. आपल्या या मॉडेलच्या दारांना काचेभोवती चौकटच नाही, त्यामुळे पिशवीचा सगळा दाब काचेवर आणि वरच्या रबरावर येतो. शिवाय रिमोटने बाहेरून बंद केलेली गाडी डबल लॉक असते. सळईने आतले हँडल ओढले तरी दार उघडत नाही. म्हणजे ही पद्धत इथे यशस्वी होण्याची शक्यताच नव्हती. निष्पन्न झाले ते फाटलेले रबर आणि छताच्या कडेवरचा ओरखडा. दाराच्या पोकळीत लोखंडी पट्टी घालण्याचा त्याचा पुढचा बेत वेळीच थांबवला, कारण तिथे एअरबॅगचा सेन्सर आणि त्याच्या वायरी असतात.

वास्तविक आपल्याच गाडीत सोय आहे. रिमोटच्या कडेचा खटका सरकवला की आतून लोखंडी चावीचे पाते निघते. मात्र दारावर कुलपाचे भोक कुठे दिसत नाही; ते चालकाच्या दारावर, हँडलला लागून असलेल्या रंगीत टोपणाखाली दडवलेले आहे. हँडल ओढून धरायचे, टोपणाच्या खालच्या बाजूच्या खाचेत पाते घालायचे आणि वर ढकलायचे. टोपण बाहेर येते. स्क्रू ड्रायव्हरने बाजूने उचकटले तर रंग उडतो आणि आतले प्लॅस्टिकचे दात मोडतात. मदतनीसाला टोपणाखाली कुलूप आहे हे सांगितल्यावर त्याने तेच केले, आणि टोपणाचे बिल मात्र आपण आम्हाला लावले.

कुलूप फिरवायचे कोणत्या दिशेला, हे पुस्तिकेत नाही. हा किरकोळ मुद्दा नव्हे. हे कुलूप एरवी कधीच वापरले जात नाही, धूळ-पाण्याने जड होते, आणि रिमोटमधले पाते पातळ असते. चुकीच्या दिशेने जोर लावला की ते पिळते किंवा आत तुटते. दर सर्व्हिसिंगला कुलपात ग्रॅफाइटची चिमूटभर पूड घालून चावी एकदा फिरवून पाहणे हे आपल्या तपासणी-यादीत असायला हवे, ते नाही. तेल घालू नये, त्यात धूळ चिकटून कुलूप आणखी बसते.

दार उघडले तरी काम संपत नाही. चौकट नसलेल्या दाराची काच दार उघडताना काही मिलिमीटर खाली सरकते, तशी ती वीज नसताना सरकत नाही. वरच्या रबरात अडकून राहते. म्हणून दार हिसका देऊन उघडायचे नाही. काच तळहाताने बाहेरून हलकेच आत दाबत, दार सावकाश ओढायचे. आणि एकदा उघडले की वीज येईपर्यंत ते बंद करायचे नाही, नाहीतर काच बाहेरच्या पट्टीवर आदळते. मध्ये जाड फडके ठेवावे. ही सूचना पुस्तिकेत एका ओळीचीसुद्धा नाही, आणि सगळ्यात महाग नुकसान इथेच होते.

आता बॅटरी. ती डिकीत, तळाखाली आहे. डिकी विजेवर उघडते आणि तिला चावीचे कुलूप नाही. त्यामुळे बॅटरीपर्यंत पोहोचायला बॅटरीच लागते. सुटका आहे ती बॉनेटमधून, तिथे दुसऱ्या बॅटरीची वीज जोडता येते: चालकाच्या पायाशी असलेला बॉनेटचा खटका तारेचा आहे, त्याला वीज लागत नाही. बॉनेटखाली लाल टोपणाचा पॉझिटिव्ह टोक आणि जवळच बॉडीला अर्थिंगचा नट आहे. लाल केबल आधी आपल्या लाल टोकाला, मग दुसऱ्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी आधी त्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटी आपल्या अर्थिंगच्या नटाला. काढताना उलट क्रम. डिकी उघडल्यावरही काळा चिमटा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावू नये, कारण तिथे बॅटरीची नोंद ठेवणारा सेन्सर बसवलेला आहे.

मदतनीसाकडचा जंप पॅक, म्हणजे उतरलेल्या बॅटरीला बाहेरून वीज देणारी छोटी बॅटरी, चालला नाही, त्याचेही कारण साधे होते. बॅटरी फारच खाली गेली असेल तर बरेच पॅक समोर बॅटरी जोडली आहे हेच ओळखत नाहीत आणि वीज सोडत नाहीत. त्यांना सक्तीने वीज सोडायचे वेगळे बटण असते. त्या वेळी उलट जोडणीपासूनचे संरक्षण बंद होते, म्हणून बटण दाबण्याआधी लाल-काळे दोनदा तपासावे लागते. आपल्या माणसाला ते बटण माहीतच नव्हते. त्याने गाडी टो करायचे सुचवले. पण विजेवरचा हँडब्रेक लागलेला आणि गिअर पार्कमध्ये अडकलेला असताना मागची चाके फिरतच नाहीत. ओढली असती तर टायर घासत गेले असते.

वीज आल्यावर अलार्म वाजतो, कारण गाडीच्या लेखी ती अजून बंदच असते. रिमोटचे उघडायचे बटण दाबले की तो थांबतो. हे माहीत नसलेला माणूस घाबरून केबल उपसतो आणि ठिणगी पाडतो.

आता वॉरंटीबद्दल. ‘गाडी उभी राहिल्यामुळे बॅटरी उतरली’ असे आपले उत्तर आहे. हिशेब करून पाहा. बॅटरी ९० अँपिअर-तासांची आहे. बंद गाडीने ३० मिलीअँपिअर घेतले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तासही जात नाही; निम्मी बॅटरी संपायला दोन महिने लागतात. तीच गाडी अर्धा अँपिअर घेत राहिली, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि निम्मी बॅटरी चार दिवसांच्या आत संपते. आमची गाडी दोन महिने उभी नव्हती. एखादे मॉड्यूल (गाडीतला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) झोपत नसावे, म्हणजे गाडी बंद असतानाही वीज घेत राहत असावे, असा आमचा रास्त संशय आहे, आणि आपण विद्युतप्रवाह मोजलेलाच नाही. फक्त बॅटरी चार्ज करून परत दिलीत.

म्हणून आमची मागणी अशी. टोपण, रबर आणि छताच्या रंगाचा खर्च आपण सोसावा. वर लिहिलेला क्रम चित्रांसह पाकिटात मावेल अशा छापील कार्डावर प्रत्येक चावीसोबत द्यावा, आणि तोच मजकूर संकेतस्थळावर लॉगिनशिवाय ठेवावा. पुढच्या मॉडेलमध्ये डिकीला एक साधे कुलूप ठेवले तर उत्तमच, पण त्यासाठी आम्ही अडून बसत नाही.

गाडीची तपासणी मात्र आमच्या समोर आणि नीट व्हावी. बॉनेट उघडे ठेवून त्याचा लॅच (अडकवणारा खटका) स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलावा, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल. डिकीच्या लॅचचेही तसेच करावे. गाडी रिमोटने बंद करून दोन्ही चाव्या लांब न्याव्यात, कारण चावी जवळ असली की गाडी जागी होत राहते. निगेटिव्ह केबलभोवती डीसी क्लॅम्प मीटर (केबल न सोडवता प्रवाह मोजणारा चिमटा) लावून किमान एक तास थांबावे आणि त्यानंतरचा आकडा लिहावा. तो ५० मिलीअँपिअरच्या वर राहिला तर एकेका फ्यूजच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजून दोषी सर्किट शोधावे. फ्यूज उपसू नयेत, नाहीतर झोपलेली मॉड्यूल जागी होऊन आकडा पुन्हा चढतो. या मोजणीचा लेखी अहवाल मिळेपर्यंत वॉरंटीचा दावा नाकारल्याचे पत्र आम्ही मान्य करत नाही.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: टोपणाच्या बिलाची प्रत, रबर आणि छताच्या कडेची छायाचित्रे, वॉरंटी नाकारल्याचे पत्र