किती पाठवायचे नाही, कोणाला पाठवायचं

पेडणे, गोवा

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या तिकडच्या, इंग्लंडमधल्या लीड्सच्या ऑफिसातली माणसं आपल्या शेल्टरमधला कुत्रा घ्यायला तयार आहेत हे वाचून फार बरं वाटलं. पण ‘आई, जेवढे जमतील तेवढे इकडे पाठव’ हे काही मला पटलं नाही, म्हणून फोनवर न बोलता लिहितेय.

हरमल-मांद्र्याचे किनाऱ्यावरचे कुत्रे तू लहानपणापासून बघितलेत. सीझनभर शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळींत, त्यांचं पोट भरतं, पर्यटक लाड करतात. पावसाळ्याआधी शॅक उतरले की सगळंच बंद. मग आपल्या दारात येतात ते कानात गोचिडांचे घोस लटकलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात असे, एखाद्याच्या जखमेत किडे पडलेले. त्यांना बरं करायचं, नसबंदी करायची, लस टोचायची आणि जो धडधाकट झाला त्याला त्याच्याच जागी नेऊन सोडायचं. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम हेच सांगतात, आणि नियम नसते तरी मी हेच केलं असतं. आयुष्यभर वाळूवर मोकळा फिरलेला, चार घरी हक्काने जेवणारा कुत्रा लीड्सच्या फ्लॅटमध्ये कोंडला तर दाराची बेल वाजली तरी सोफ्याखाली शिरेल. एका कुत्र्याच्या विमानखर्चात इथे कितीतरी नसबंद्या होतात, हेही मी विसरू शकत नाही.

परदेशी जावी ती काळीसारखी. स्कूटरच्या धडकेनंतर तिचा पुढचा पाय काढावा लागला. किनाऱ्यावर परत सोडली तर बाकीचे कुत्रे तिला जगू देणार नाहीत, आणि गावात तिला कोणी घेत नाही. माणूस दिसला की उड्या मारत येते, आपल्या पावलावर हनुवटी टेकते, आणि आपण उठायला लागलो की हनुवटीचा भार हळूच वाढवते. तिला घरच हवंय रे! क्रेटची, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्याची, सवय आत्तापासून लावतेय. दार काढून ठेवलंय, जेवण आतच देते. आता दुपारची झोपायलाही तीच आत जाते.

तिथल्या लोकांना घाई असेल तर नीट समजावून सांग. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मगच रेबीजची लस; उलटं झालं तर ती लस धरत नाहीत. लसीनंतर निदान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं, मान्यताप्राप्त लॅबमध्ये प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) पातळी 0.5 IU/ml किंवा त्याहून जास्त यायला हवी, आणि रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रेबीज अंगात महिनोन्महिने दडून राहू शकतो, म्हणून ही वाट बघणं. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, पण ब्रिटन राज्य नाही, देश बघतं. ज्यांना इवलंसं पिल्लू हवंय त्यांना स्पष्ट सांग: 12 आठवड्यांच्या आत दिलेली लस चालत नाही, म्हणजे विमानात बसेपर्यंत ते सात महिन्यांचं झालेलं असणार. शिवाय दुसऱ्याला दत्तक द्यायचा कुत्रा स्वतःचा पाळीव म्हणून नेता येत नाही. त्याला आयातीचे वेगळे नियम आहेत. तू सुट्टीवर आलास की सोबत घेऊन जाशील, हा विचार डोक्यातून काढून टाक.

माझं एक काम कर. त्या सगळ्यांच्या घरी स्वतः जाऊन ये. कुंपण किती उंच आहे, दिवसभर घरी कोण असतं, जिना किती चढायचा (काळीला जिना झेपत नाही), आणि कुत्रा महिनाभर पलंगाखालून बाहेरच आला नाही तर ते काय करतील, हे विचार. शेवटच्या प्रश्नावर गडबडले तरी चालेल, पण हसण्यावारी नेणाऱ्याला आपला कुत्रा द्यायचा नाही.

काळीची चिप आणि लस झालेली आहे. येत्या सोमवारी डॉक्टर रक्त घ्यायला येतायत. घर अजून ठरलं नसलं तरी तीन महिने मोजायला सुरुवात तरी होईल.

तुझी,
आई