अर्जातला 'परित्यक्ता' हा शब्द काढा

मा. मंत्री,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

मी खेड्यात बचत गटाचं काम करते. गटातल्या बायकांचे अर्ज भरून द्यायचे, सोबत तालुक्याला जायचं, हे नेहमीचंच. मागच्या महिन्यात एका ताईंना संजय गांधी निराधार योजनेसाठी घेऊन गेले. एसटीत अर्धं तिकीट लागलं. मार्च २०२३ पासून बायकांना ही सवलत आहे आणि तिचं नाव 'महिला सन्मान योजना'.

कचेरीत गर्दी होती. आमचा नंबर आला तसा खिडकीतून आवाज आला, "ती परित्यक्तावाली बाई कुठाय?" ताईंनी पदर पुढे ओढला, पण जागच्या उठल्या नाहीत. बाकावरच्या एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "म्हंजी काय गं?" शेजारीण म्हणाली, "टाकलेली."

साहेब, टाकतात ते शिळं अन्न, फुटकं मडकं. या बाईने नवऱ्यामागे दोन लेकरं वाढवली, सासूचं आजारपण काढलं. नवरा दुसरीबरोबर निघून गेला. केलं त्याने आणि नाव पडलं हिला! टाकणाऱ्यासाठी मात्र तुमच्या एकाही अर्जात रकाना नाही, शब्दही नाही. संस्कृतात म्हटलं म्हणून 'टाकलेली'चा अर्थ बदलत नाही, हे त्या म्हातारीला दोन शब्दांत कळलं.

१९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. ज्या बायकांची कुठे मोजदादच नव्हती, त्यांचा प्रश्न त्या परिषदेने चारचौघांत आणला. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हक्क मागताना बायकांनी स्वतः उच्चारलेला शब्द वेगळा आणि खिडकीतून त्यांच्या नावाने पुकारलेला वेगळा. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली, तिच्या पात्रतेतही विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशी तीच रांग आहे. बहीण म्हणायचं आणि पुढच्याच ओळीत टाकलेली म्हणायचं, हे जिव्हारी लागतं.

शब्द बदलता येतात, हे तुमच्याच सरकारी कागदांनी दाखवलंय. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. अपंगांचं दिव्यांग झालं. फक्त नवा शब्द मुंबईत बसून ठरवू नका. २०२३ मध्ये विधवांसाठी 'गंगा भागीरथी'चा विचार पुढे आला, तेव्हा किती बायका चिडल्या ते आठवा. आमच्याकडे विचाराल तर 'एकल महिला' म्हणा. त्यात नवरा नाही, त्याचं टाकणंही नाही.

आणखी एक. खिडकीवर नावाने हाक मारा, प्रवर्गाने नको. नवरा नांदवत नाही याच्या दाखल्यासाठी बाईला गावातल्या चार पुरुषांच्या सह्या मागत दारोदार फिरायला लावू नका. ताईंनी त्या सह्या घेतल्या, त्यातली एक चुलत दिराची होती. महिन्याच्या दीड हजारांसाठी त्याच्या ओट्यावर त्या अर्धा तास उभ्या होत्या.

अर्ज अजून मंजूर व्हायचाय. झाला की दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला आम्हाला त्याच खिडकीवर यावं लागेल. पुढच्या वर्षी येऊ तेव्हा त्या कागदावर हा शब्द नसावा, एवढी विनंती आहे.

आपली,
बचत गटाची एक कार्यकर्ती