बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "नवा माणूस ऑफिसची पायरीच चढणार नसेल, तर त्याचे कागद तू तपासतेस कशी?" मध्येच रेंज गेली, आणि उत्तरही चार वाक्यांत संपणारं नव्हतं. म्हणून हे पत्र.

इथे अमेरिकेत १९८६ साली कायदा झाला. तेव्हापासून कोणालाही नोकरीवर घ्या, इथेच जन्मलेला असो की परदेशातून आलेला, त्याचा 'आय-नाइन' फॉर्म, म्हणजे ओळख आणि इथे काम करण्याचा हक्क तपासायचा सरकारी फॉर्म, भरावाच लागतो. पहिला भाग त्याने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. दुसरा आम्ही, मूळ कागद पाहून, तो रुजू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत. अमेरिकी पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड (इथे कायम राहण्याचा परवाना) असेल तर एकच कागद पुरतो. नाहीतर ओळखीसाठी लायसन्स आणि कामाच्या हक्कासाठी सोशल सिक्युरिटी कार्ड (त्यावर सरकारने दिलेला माणसाचा नंबर असतो), असे दोन. झेरॉक्स चालत नाही. बँकेत तुम्ही मूळ प्रतीसाठी अडून बसायचात, तसंच.

पण आम्ही न्यू जर्सीत आणि माणूस जॉर्जियात असला की काय? जुना मार्ग असा की कंपनीने तिथल्या कोणाला तरी प्रतिनिधी नेमायचं. शेजारीसुद्धा चालतो. तो कागद पाहून सही करतो, आणि त्याने चूक केली तर जबाबदार कंपनी. तुम्हाला हे पटणार नाही, मलाही फारसं पटत नाही. कोविडमध्ये, मार्च २०२० पासून, सरकारने प्रत्यक्ष पाहण्यातून सूट दिली. ती ३१ जुलै २०२३ ला संपली आणि दुसऱ्याच दिवसापासून नवी पद्धत आली: माणसाने कागदाच्या दोन्ही बाजू पाठवायच्या, मग व्हिडिओ कॉलवर तोच कागद हातात धरून दाखवायचा, प्रती आम्ही जपून ठेवायच्या. मात्र ही सोय फक्त 'ई-व्हेरिफाय'मध्ये नोंदलेल्या कंपन्यांना. फॉर्ममधली माहिती सरकारी नोंदींशी ताडून पाहणारी ती व्यवस्था आहे.

इथे राज्याराज्यांचा घोळ सुरू होतो. केंद्राच्या कायद्याने बहुतेक खासगी कंपन्यांना ई-व्हेरिफाय ऐच्छिक आहे. पण ॲरिझोनात ते २००८ पासून सगळ्यांना सक्तीचं. जॉर्जियात दहाहून जास्त माणसं असली की सक्ती, फ्लोरिडात जुलै २०२३ पासून पंचवीस किंवा जास्त असली की. कॅलिफोर्नियात उलट, आधीपासून कामावर असलेल्यांवर किंवा अजून नोकरी देऊ न केलेल्यांवर ते वापरलं तर कंपनीलाच दंड. त्यामुळे माणूस कुठे बसून काम करणार, हे मी आधी विचारते.

आई, तुला वाटतं मी दिवसभर लोकांवर संशय घेते. तसं नाही गं. कोणता कागद दाखवायचा हे तो माणूस ठरवतो, मी नाही. नाव परकं वाटलं, बोलण्याची ढब वेगळी वाटली म्हणून 'ग्रीन कार्डच आणा' म्हणणं बेकायदेशीर आहे. या एका नियमासाठी मला हे काम आवडतं.

मध्यंतरी जॉर्जियात आपल्याकडचीच एक मुलगी रुजू झाली. विद्यार्थिनी असताना सोशल सिक्युरिटी नंबर काढला तो माहेरच्या नावाने. लग्नानंतर पासपोर्ट आणि कामाचा परवाना सासरच्या. ई-व्हेरिफायमध्ये नाव जुळेना. तिचे वरिष्ठ म्हणाले, निकाल लागेपर्यंत ट्रेनिंग थांबवू. मी स्पष्ट नाही म्हटलं. अशा वेळी माणसाला एकांतात सांगायचं, दाद मागायला सरकारी कामकाजाचे आठ दिवस द्यायचे, आणि प्रकरण मिटेपर्यंत काम, पगार, ट्रेनिंग काहीही रोखायचं नाही, असा नियमच आहे. ती बिचारी रडवेली झाली होती. लग्नाचा दाखला घेऊन सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात गेली आणि काम मार्गी लागलं.

म्हणून मावशीच्या सुनेला माझा निरोप द्या. इकडे येण्याआधी नाव बदलायचं की नाही ते एकदाच ठरव म्हणावं, आणि पासपोर्टवर जे असेल तेच इथल्या प्रत्येक कागदावर घाल. लग्नाच्या दाखल्याची मूळ प्रत बॅगेत नको, हातातल्या पर्समध्ये असू दे. काही अडलं तर मला रात्री-अपरात्री फोन करायला सांगा.

तुमची लेक