लातूरच्या वायरिंगवाल्या मामांना जाहीर आभार

प्रिय मामा,

स. न. वि. वि.

दुकानात येऊन मी तुमचे आभार मानले होते, पण तुम्ही "बरं बरं" म्हणून पुढच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घातलंत. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. माझा छोटा प्लेयर तुम्ही माझ्या गाडीच्या जुन्या टेपला जोडून दिलात, पण त्यातून काय झालं ते तुम्हाला पुरतं माहीत नाही, आणि ते तुम्हाला कळावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय आपल्या मराठवाड्यात जुन्या कंपनी फिटिंग टेपवर चालणाऱ्या कितीतरी गाड्या आहेत. त्यांच्या मालकांच्याही हे कामी येईल.

तुमच्याकडे आणली ती गाडी २००८ सालची, सेकंड हँड घेतलेली. टेपमध्ये रेडिओ आणि सीडी एवढंच. यूएसबी नाही, ब्लूटूथ नाही, बाहेरचा प्लेयर वायरीने जोडायचं ऑक्सचं भोकही समोर नाही. आणि माझ्या हातात होता तो बोटभर लांबीचा प्लेयर, ज्यात रेकॉर्डिंगही होतं. अंबाजोगाई, केज, रेणापूर या भागातल्या गावांत फिरून म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या मी त्यात घेतल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरमधल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यातच आहेत. गाणारीचं नाव, तिचं गाव, तिची एकेक ओळ त्यांनी नीट नोंदवून ठेवली, हे पाहूनच मी माझ्या भागापुरतं सुरू केलं.

रेकॉर्डिंग करणं त्यातलं सोपं काम. शब्द लागणं अवघड. दात पडलेल्या तोंडातून आलेली ओवी, मागे जात्याची घरघर, अंगणात कोंबड्या. माझ्या कानांना जे निव्वळ सूर वाटतात त्यातले शब्द माझ्या आत्याला कळतात, कारण तिने स्वतः वर्षानुवर्षं दळलेलं आहे. पण आत्याला ऐकायला कमी येतं. कानात इयरफोनची बोंडं घालायला ती तयार नाही, आणि मोबाइलच्या स्पीकरवर तिला नुसती किरकिर ऐकू येते. काचा वर केलेल्या, बंद करून उभ्या गाडीत मात्र तिला नीट ऐकू येतं. चार दारांत चार स्पीकर आणि बाहेरचा गलका नाही. मला गाडीच्या टेपवर तो प्लेयर वाजवायचा होता तो एवढ्यासाठी.

तुमच्याकडे येण्याआधी बाजारात मिळतं ते सगळं करून झालं होतं. लायटरच्या सॉकेटात बसणारा एफएम ट्रान्समीटर आणला. तो प्लेयरचा आवाज घेऊन ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक बारकं स्टेशन सोडतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. सिनेमाची गाणी त्यावर बरी वाजतात. ओवी नाही वाजत. बाई ओळ संपवून श्वास घेते, जात्यात दाण्यांचा घास टाकते, त्या शांततेत नुसती सरसर भरून राहते. गाव जवळ आलं की तिथलं खरं स्टेशन त्यावर चढतं. लायटरमध्ये लावायची ब्लूटूथची स्वस्त उपकरणंही आतून एफएमच सोडतात, आणि माझ्या प्लेयरला ब्लूटूथ नव्हतंच. गाडीत कॅसेटचा टेप असता तर वायर लावलेली खोटी कॅसेट घालून काम भागलं असतं. तिच्यातलं चुंबकी हेड टेपच्या हेडला लागून बसतं आणि आवाज तसाच पलीकडे जातो. सीडीला तसला उपाय नाही.

एका दुकानात सांगितलं, हे काढून टाका, मोठ्या स्क्रीनचं अँड्रॉइड बसवा. ज्याला नकाशा आणि मागचा कॅमेरा हवा त्याने ते जरूर बसवावं. पण धडधाकट टेप फेकायचा, डॅशबोर्डची खाच कापून मोठी करायची, आणि हे सगळं एका पिनेसाठी, हे मला पटत नव्हतं.

मामा, तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात ते मला आठवतं. "काय ऐकायचंय ताई यावर?" वायरिंगच्या दुकानात हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी प्लेयर तुमच्या कानाला लावला. तुम्ही दोन ओव्या पूर्ण ऐकल्यात, पोराला कॉम्प्रेसर बंद करायला लावलंत आणि तिसरी ऐकलीत. मग म्हणालात, "कापायचं काम नाही. आधी मागं बघू, कंपनीनं काही ठेवलंय का."

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. बॅटरीचा मायनस काढण्याआधी तुम्ही टेपचा कोड मागितलात. असल्या टेपचा करंट तुटला की तो पुन्हा सुरू होताना कोड मागतो आणि कोड नसेल तर मुका होऊन बसतो, हे तेव्हा कळलं. सर्व्हिस बुकात ते कार्ड निघालं. मग दोन्ही बाजूंच्या भोकांत चाव्या सारून तुम्ही टेप अलगद बाहेर ओढलात. पक्कड नाही, स्क्रू ड्रायव्हरने उचकणं नाही. पॅनलवर एक ओरखडा नाही.

टेपच्या पाठीवर करंटचा आणि स्पीकरचा असे दोन मोठे सॉकेट होते आणि त्यांच्या वर पिवळा, हिरवा, निळा असे तीन बारके कप्पे. निळा रिकामा. तो सीडी चेंजरसाठी, डिकीत सहा-दहा सीड्यांचा डबा ठेवायची पद्धत होती तेव्हाचा. माझ्या गाडीला चेंजर कधी बसलाच नव्हता, पण त्याचा रस्ता कंपनीने सोडून ठेवला होता. तुम्ही टेपवरच्या स्टिकरचा नकाशा बोटाने दाखवलात. १८ नंबरची पिन आवाजाच्या अर्थिंगची, १९ डावा, २० उजवा. आणि त्याच कप्प्यात १५ आणि १६ वर बारा व्होल्ट. प्लेयरच्या हेडफोनच्या भोकातून येणारा आवाज एक व्होल्टाच्याही आतला. एक पिन चुकली तर बारा व्होल्ट थेट प्लेयरमध्ये आणि ओव्या गेल्या. म्हणून नकाशा हाताशी असतानाही तुम्ही मल्टीमीटर लावून एकेक पिन तपासलीत. "सगळ्या कंपन्या एकसारखं ठेवत नाहीत. छापलेलं खरं धरायचं नाही, मीटर सांगंल ते खरं," हे तुमचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे. जुन्या टेपला हात घालणाऱ्या प्रत्येकाने ते उतरवून घ्यावं.

निळ्या कप्प्यात बसणारी तयार केबल तुम्ही मागवून घेतलीत. गाडीची एकही वायर सोलली नाही. उद्या केबल उपटली तर गाडी कारखान्यातून आली तशी. केबल लावूनही आवाज येईना तेव्हा तुम्ही घाई केली नाहीत. टेपला ऑक्स आहे हे सांगावं लागतं, म्हणालात. बटण दाबून धरून आतल्या सेटिंगमध्ये गेलात, तिथे ऑक्स बंद होतं, ते चालू केलंत. सोर्सचं बटण फिरवलं आणि चारी दारांतून जातं फिरायला लागलं.

पुष्कळांनी इथे बिल केलं असतं. तुम्ही किल्ली फिरवून इंजिन चालू केलंत आणि प्लेयरला लायटरचा चार्जर लावायला सांगितलंत. लगेच आवाजामागे एक बारीक शिट्टी सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. "हे कुठून येऊलालाय ते बघू." चार्जर काढला, शिट्टी गेली. लावला, आली. मग तुम्ही मला समजावलंत की प्लेयरला आता दोन अर्थिंग मिळाल्या आहेत, एक चार्जरमधून लायटरकडे आणि दुसरी ऑक्सच्या केबलमधून टेपकडे. गाडीच्या पत्र्यात या दोन जागी थोडा फरक राहतो. अल्टरनेटर मुळात एसी करंट तयार करतो, डायोड त्याचा डीसी करतात, पण त्यात जी थोडी थरथर उरते ती या दोन अर्थिंगच्या फेऱ्यात शिरते आणि स्पीकरमध्ये गाऊ लागते.

त्यावर तुम्ही काडेपेटीएवढी एक डबी बसवलीत, ग्राउंड लूप आयसोलेटर. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. आवाज चुंबकी क्षेत्रातून पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंची तार एकमेकींना कुठेच जोडलेली नसते, त्यामुळे तो फेरा तुटतो. शिट्टी बंद. हे मी इतकं सविस्तर लिहिते आहे, कारण हीच शिट्टी ऐकून लोक स्पीकर बदलतात, टेप बदलतात, आणि ती तरीही जात नाही. ज्यांना डबी आणायची नाही त्यांनी ऐकताना चार्जर काढून ठेवला तरी काम होतं, हेही तुम्हीच सांगितलंत.

यानंतर जे केलंत त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. आत्या गाडीतच बसली होती. तिला विचारलंत, "आत्याबाई, काय ऐकू येतं?" ती म्हणाली, जातं ऐकू येतं, बाई ऐकू येत नाही. तुम्ही टेपचा बास शून्याच्याही खाली, उण्यात नेलात. खालचे सूर फुगवणारा लाउडनेस बंद केला. आधीच्या मालकाने दोन्ही चढवून ठेवले होते, आजकाल सगळे ठेवतात तसे. जात्याची घरघर खालच्या सुरातली, बाईचा आवाज त्याच्या वरचा, म्हणून खालचं उतरवलं की वरचं मोकळं होतं. प्लेयरचा आवाज पूर्ण न ठेवता पाऊणपर्यंत ठेवायला लावलात. पूर्ण चढवला की चढ्या स्वरावर तो फाटतो, बाकीचं टेपवर वाढवायचं. मग तुम्ही बॅलन्स डावीकडे आणि फेडर पुढे सारलात, म्हणजे आत्याच्या दाराचा स्पीकर सगळ्यात मोठा. एका म्हातारीच्या कानासाठी तुम्ही सगळ्या गाडीचा आवाज तिच्या बाजूला वळवलात, आणि त्याचे पैसे बिलात कुठेच धरले नाहीत.

आत्याने ती ओवी पुन्हा लावायला सांगितली. ऐकली. आणि मी किती दिवस नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलेली ओळ तिने तुमच्या दुकानात, गाडीत बसल्या बसल्या सरळ म्हणून दाखवली. तेव्हा तुम्ही मागे केबल बांधत होतात. तुमच्या लक्षात आलं की नाही ठाऊक नाही.

केबल बांधण्याबद्दलही लिहायलाच हवं. ती तुम्ही करंटच्या जाड वायरींपासून दूर ठेवलीत, गिअर आणि हँडब्रेकच्या वाटेत येऊ दिली नाही, आणि ग्लव्ह बॉक्सच्या आतून काढलीत. पिन काटकोनी लावलीत, गुडघा लागून मोडू नये म्हणून. आजवर ती एकदाही सैल झालेली नाही.

तेव्हापासून आमचं काम असं चालतं. मी गाडी रस्त्याकडेला लिंबाखाली लावते, काचा वर, इंजिन बंद. प्लेयरवर हवा तेवढाच तुकडा ए-बी रिपीटवर टाकते, तो फिरत राहतो, आत्या ऐकत राहते आणि मी लिहिते. अडलेल्या ओव्यांची वही रिकामी होत चालली आहे. ज्या गावी ओव्या घेतल्या तिथे परत गेलो की गाणाऱ्या बायांना गाडीत बसवून त्यांचाच आवाज ऐकवतो. एका आजींनी स्वतःची ओवी ऐकून जागच्या जागी दुरुस्त केली, दोन ओळी मागेपुढे झाल्यात म्हणाल्या. दुसऱ्या एका गावात बायांनी मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून आपल्या गेलेल्या जावेचा आवाज ऐकला आणि तिच्या विसरलेल्या ओव्या आठवून आठवून मला सांगितल्या. त्या नव्याने मिळालेल्या ओव्या तुमच्या त्या निळ्या कप्प्यातून आल्या आहेत, मामा.

ओव्यांची नोंद करताना गाणारीचं नाव, गाव, तारीख मी लिहिते. शब्द लावणारी म्हणून आत्याचं नाव लिहिते. तुमची परवानगी असेल तर आवाजाची सोय करणारे म्हणून तुमचंही लिहायचं आहे. नको म्हणाल हे मला माहीत आहे, तरी विचार करा.

दिवाळीनंतर गाडी घेऊन येते. मागच्या डाव्या दाराचा स्पीकर चढ्या आवाजाला खरखरतो आहे, त्याचा कागद फाटला असावा, तेवढा बघून ठेवायचा आहे. आत्याही सोबत येणार आहे. तुमच्या आईच्या तोंडच्या ओव्या आहेत म्हणाला होतात, आई दुकानाच्या मागेच राहतात हेही म्हणाला होतात. त्यांना दळणाला बसवायची गरज नाही, नुसतं आमच्याशी बोलतील का तेवढं विचारून ठेवा. प्लेयर चार्ज करून आणते.

आपली,
ओव्यावाली ताई