तक्रार नीट लिहावी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी उलट फोन केला नाही. आक्काला सांगितलं, दाराशी भाजीवाला आला होता. खरं म्हणजे धीर झाला नाही. तू म्हणालीस, "कंपनीने मला कोच दिलाय," आणि माझ्या तोंडून निघालं, "का गं, काही चुकलं का तुझं?" असं विचारायला नको होतं. आमच्या एसटीच्या नोकरीत साहेबाने कुणावर माणूस लावला की मागोमाग चार्जशीट यायची. डोकं त्याच वाटेने गेलं.

नंतर बंड्याने तासभर समजावलं. ज्याला वरच्या जागेवर न्यायचंय त्याच्यावर बरेचदा कंपनी असा खर्च करते म्हणे. कोच हा शब्दही मूळचा घोडागाडीचा. हंगेरीतल्या कोच गावच्या गाड्यांवरून आला, आणि पुढे ऑक्सफर्डची पोरं परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीवाल्याला कोच म्हणायला लागली. म्हणजे आपल्याच खात्याचा निघाला की! ऐकून जरा बरं वाटलं. बंड्या असंही म्हणाला की कोच उत्तरं देत नाही, प्रश्न विचारतो. मग पैसे कसले घेतो, हे मी विचारलं नाही. एका दिवसात दोघांशी भांडण नको.

पण मनू, प्रश्न विचारणाऱ्यापुढे तू खरं बोलशील का? मला लागून राहिलंय ते एवढंच. आठवीत सायकलवरून पडून मनगट मोडलं, आणि स्नेहसंमेलनातला नाच हुकू नये म्हणून दोन दिवस फुल बाह्यांचा ड्रेस घालून फिरलीस. जेवताना डावा हात वापरायला लागलीस तेव्हा तुझ्या आईला कळलं. नाशिकच्या वेळीही तेच. "सगळं ठीक आहे आबा." ते तुझं ठीक मला पाठ झालंय.

वर्कशॉपला एक गाडी तीन आठवडे परत परत यायची. चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात दम तोडायची. ड्रायव्हर रोज लिहून द्यायचा, "गाडी ओढत नाही." आम्ही फिल्टर बदलला, पंप उतरवला, काही नाही. मग एक दिवस म्हातारे जाधव ड्रायव्हर ती गाडी घेऊन गेले. त्यांनी लिहिलं, "टाकी भरलेली असताना त्रास नाही. अर्ध्याखाली गेली की वळण काढल्यावर दम खाते." अर्ध्या तासात सापडलं. टाकीत उतरणारा डिझेलचा पाइप मध्यावर तडकला होता, तेल खाली गेलं की तिथून हवा ओढायचा. तीन आठवडे आम्ही मूर्ख ठरलो ते "गाडी ओढत नाही" या एका ओळीपायी.

म्हणून सांगतो, कोचकडे "टीम ऐकत नाही" एवढंच घेऊन जाऊ नकोस. कोण ऐकत नाही, कधी, त्या वेळी तू काय बोललीस, तुझ्या पोटात काय झालं, ते आदल्या रात्री कागदावर लिही. एका मीटिंगमधून उठून धावत दुसरीत बसतेस तसं तिथे बसू नकोस, आधी दहा मिनिटं मोकळी ठेव. साहेबाने एक उद्दिष्ट दिलं असेल, तुझं स्वतःचं वेगळं असेल, तर पहिल्याच दिवशी दोन्ही मांड. साहेबापर्यंत काय जाणार आणि काय दोघांतच राहणार, हेही तेव्हाच विचारून घे. निघताना एकच काम ठरव, तारखेसकट. आणि शिक्षण काय झालंय तेही विचार. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणून संस्था आहे, तिच्या पीसीसी, म्हणजे प्रोफेशनल सर्टिफाइड कोच, या दर्जाला ५०० तास कोचिंग केलेलं लागतं. नुसती पाटी लावायला मात्र काहीच लागत नाही. एसटीत हेवी लायसन्सशिवाय स्टेअरिंगला हात लावू देत नसत.

झालं माझं भाषण सुरू. माफ कर. सव्वीस जणांवर साहेबीण असलेल्या पोरीला मी काय शिकवणार! डेपोतल्या जुन्या मंडळींना मी तुझा हुद्दा सांगतो तेव्हा दोनदा सांगतो, एकदा इंग्रजीत.

एवढं मात्र ऐक. झोप लागत नसेल, सकाळी उठवत नसेल, तर ते कोचचं काम नाही, डॉक्टरचं आहे. तुझ्या आईने "दमले असेन" म्हणत चार महिने काढले होते.

लिहिणार नव्हतो हे.

माणूस पटला नाही तर बदलून माग, मन मोडून सहा महिने बसू नकोस. बंड्याबरोबर तूप पाठवलंय. बरणी आक्काची आहे, परत पाठव.

तुझा,
आबा

ता. क. कोच तुम्हा सगळ्यांना दिलाय, की तुला एकटीलाच? राहू दे. बंड्याला विचारतो.