पट्टा गळ्यात, मालक बेफिकीर

महोदय,

गळ्यात पट्टा आहे, पण फासळ्या मोजता येतात आणि कानामागे गोचीड चिकटलेत, असा कुत्रा गल्लीत फिरत असेल तर तो भटका नव्हे, तो कुणाच्या तरी दुर्लक्षाचा बळी आहे. पिलू असताना बांधलेला पट्टा तसाच राहिला की मानेत रुततो, जखम चिघळते. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत.

अशा शेजाऱ्याशी आधी शांतपणे बोलावं. फाटकाखालच्या फटीतून कुत्रा निसटत असेल तर तिथं जाळी किंवा फळी पुरते. नसबंदी न केलेला नर मात्र माजावर आलेल्या मादीमागे कुंपणही ओलांडतो. तिथं नसबंदीच हवी. आखूड साखळी हा उपाय नव्हेच, त्यानं कुत्रा जास्त चिडका होतो.

ऐकलं नाही तर तारीख, वेळ, फोटो नोंदवून पालिकेकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार कुठंच टिकत नाही. मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११नुसार गुन्हा आहे. कुत्र्यापासून माणसाला धोका असूनही खबरदारी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी. हळद, चुना लावू नये. लस त्याच दिवशी सुरू करावी.

– एक वाचक, सातारा