सैतान गेला खड्ड्यात आणि आजीचा गैरसमज

प्रिय सॅमी,

अनेक आशीर्वाद. तू त्या स्ट्रायपरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या त्या ख्रिस्ती हेवी मेटल बँडच्या, अल्बमची लिंक पाठवून तीन आठवडे झाले, रोज विचारतोस "आई ऐकलंस का", तर हो बाबा ऐकलं, चार वेळा ऐकलं, दोनदा भाकऱ्या करताना मोबाइल स्टीलच्या पातेल्यात उभा करून (आवाज मोठा येतो, तुझ्या त्या स्पीकरची गरज नाही) आणि दोनदा रात्री इअरफोन लावून नीट.

आधी घरातल्यांचं सांगते. आजीने अल्बमचं नाव विचारलं, मी सांगितलं 'टू हेल विथ द डेव्हिल', तर ती खुर्चीतून उठलीच, म्हणे सैतानाबरोबर नरकात जायची गाणी आमचा सॅमी ऐकतो? तिला 'विथ' म्हणजे 'बरोबर' एवढंच माहीत. मग समजावलं की अहो आई त्याचा अर्थ 'सैतान गेला खड्ड्यात' असा आहे, तेव्हा कुठे बसली. पण हसू नकोस तिला, अल्बम आला तेव्हा, 1986 मध्ये, अमेरिकेत इंग्रजी बोलणारे लोकसुद्धा नावावरूनच बिथरले होते. आणि कव्हर बघितलंस का पहिलं, चार देवदूत सैतानाला आगीत ढकलतायत, त्यावर एवढी ओरड झाली की नंतर नुसतं काळं कव्हर आणि त्यावर बँडचं नाव असं करून विकलं. म्हणजे सैतानाला हाकलतानाचं चित्र सैतानी म्हणून हाकललं.

मामाचं मत उलट टोकाचं. त्याच्याकडे तेव्हा कॅसेटी होत्या ना सगळ्या, तो म्हणतो स्ट्रायपर म्हणजे हेवी मेटलच नाही, ते पिवळे-काळे पट्टे घालून स्टेजवरून नवा करार फेकणारे लोक, नुसती काळीपिवळी जीप. मी म्हटलं अरे गाणी कशी आहेत ते सांग की, तर म्हणे पूर्ण कधी ऐकलंच नाही! आणि आपल्या चर्चमधले ज्यांनी नाताळला तू यांचं गाणं वाजवायला नाही म्हटलं, त्यांनीही ऐकलेलं नाही, मी विचारलं, एकाने फक्त फोटो बघितला होता, केस लांब आहेत म्हणाला. मला वाईट वाटलं तुझ्यासाठी, पण त्यावर भांडायला जाऊ नकोस, बघते मी.

पट्ट्यांचं मला आधी कळेना. बँडच्या लोगोखाली यशया 53:5 लिहिलंय म्हणून आपलं बायबल काढलं, तर तिथे 'फटक्यांनी' आहे, त्याचा पिवळ्या कपड्यांशी काय संबंध? मग कपाटातलं आजोबांचं जुनं इंग्रजी बायबल काढलं, तिथे 'स्ट्राइप्स'. म्हणजे चाबकाचे वळ! पाठीवर उठतात ते. हे समजल्यावर मी परत फोटो बघितला आणि मला तो ड्रेस तेवढा हास्यास्पद वाटेना. थोडा वाटतो अजून, ती घट्ट पँट तर विचारूच नकोस.

आता गाण्यांचं. तुला खरं मत हवंय तर घे. पहिला तो वाजवायचाच तुकडा आणि मग नावाचं गाणं, ते चांगलं, फक्त त्यांचा गायक मायकेल स्वीट शेवटी एवढा वर किंचाळतो की आमचं मांजर दोन्ही वेळा बाहेर पळालं. 'कॉलिंग ऑन यू' मला सगळ्यात आवडलं आणि कारण गिटार नाही हं. आपल्या क्वायरमध्ये मी वीस वर्षं ऑल्टो गाते, मधला सूर, जो कोणाला ऐकू येत नाही पण नसला की गाणं पोकळ लागतं. यांच्या कोरसमध्ये तो मधला सूर जागेवर आहे. एवढा गोंगाट, आणि त्यात तीन-चार आवाज एकमेकांच्या पायात न येता चालतात, मी भाकरी तव्यावर विसरले. हे मामाला कधी कळणार, आणि त्या फोटो बघणाऱ्यांना तर नाहीच.

'ऑनेस्टली' मात्र मला जास्त गोड वाटलं, बासुंदीत परत साखर. पियानो सुरू झाला की लगेच कळतं आता रडवणार. गंमत बघ, तेच अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 23 नंबरपर्यंत गेलं, आणि त्यात येशूचं नावसुद्धा नाही, देवाला म्हणतोय की बायकोला कळत नाही. 'सिंग-अलाँग साँग' तर मी दोनदा पुढे ढकललं. पण शेवटचं 'मोअर दॅन अ मॅन', तिथे आडपडदा नाही, सरळ साक्ष देतात तसं आहे, आणि वाजवलंयही सगळ्यात कडक. आजीलासुद्धा तेच आवडलं, पाय हलत होता तिचा, मी बघितलं, ती नाही म्हणते.

हो आणि तू बासवाला म्हणून सांगते, फोटोत टिम गेन्स आहे पण रेकॉर्डिंगला बास वाजवलाय ब्रॅड कॉबने, गेन्स तेव्हा मध्यंतरी बँडबाहेर होता. बासवाल्यांचं असंच.

एक गोष्ट वाचली ती डोक्यातून जात नाही. टीव्हीवरचे ते जिमी स्वॅगार्ट, लुइझियानाचे मोठे प्रचारक, त्यांनी यांच्यावर सडकून टीका केली, बायबल असं गर्दीत फेकणं म्हणजे डुकरांपुढे मोती टाकणं. आणि बँडमधल्या स्वीट भावांचं घर विश्वासात आलं ते याच स्वॅगार्टना टीव्हीवर बघून! कसं वाटलं असेल रे त्या पोरांना. म्हणजे ज्यांनी आपल्याला वाट दाखवली तेच म्हणतात चालणं चुकलं. मला रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आठवली, आज आपल्याकडे ती टाळ-पेटीवर म्हटल्याशिवाय उपासना झाल्यासारखी वाटत नाही, पण आजीचे वडील सांगायचे की त्यांच्या गावात टाळ चर्चमध्ये आणला तेव्हा दोन वडीलमंडळी उठून बाहेर गेली होती.

आणि लोकांचं काही खरं नाही, 1990 मध्ये स्ट्रायपरने पट्टे सोडले, देवाचं नाव गाण्यांतून काढलं, तर तेव्हा बोंब की हे विश्वासातून गेले. आधी हा 'टू हेल'वाला अल्बम दहा लाखांच्या वर खपला होता तेव्हा मेटलवाले हसत होते ते वेगळंच.

तर मी पाळकसाहेबांशी बोलले. म्हटलं गाणं 'कॉलिंग ऑन यू' आहे, पट्टे नाहीत, केस कापून येईल (कापशील ना? थोडे तरी), आणि महिला मंडळातल्या आम्ही तिघी कोरस धरू. ते म्हणाले आधी मला ऐकवा. मोबाइल तिथेच दिला त्यांना, पातेलं नव्हतं म्हणून आवाज बारीक आला, तरी पूर्ण ऐकलं, मग म्हणाले ड्रम जरा हळू वाजवतील का. मी हो म्हटलंय. तुझ्या ड्रमवाल्याला तू समजाव.

ऑल्टोची ओळ मी सारेगममध्ये वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीय, दुसऱ्या कडव्यानंतर एक जागा नीट लागत नाहीये, तू आलास की बसवू. येताना इअरफोन आण, माझा डावा कान बंद पडलाय. इअरफोनचा.

तुझी
आई